टाकीच्या तोंडावरची खुर्ची

आमच्या नात्यातलं एक घर आता आमच्या दारात येत नाही. बाजारात समोर आलं तर मान वळवून भाजीकडे बघायला लागतं. कुणी विचारलं तर ते सांगतात, बायको गेल्यापासून म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही, पाळणाघरावरून उगाच तमाशा केला. डोकं ठिकाणावर नाही हे खरं असेल. बायको जाऊन वर्षही झालेलं नाही, कुठून असणार. पण त्या दिवशी डोळे ठिकाणावर होते. जे बघितलं ते सांगतो.

आम्ही कानडी मुलखातले मराठी. माझी सून अळणावरजवळच्या एका शाळेत मास्तरीण आहे. सकाळी अंधारातच निघते, दिवे लागायच्या सुमारास परत येते. मुलगा अमरगोळच्या मार्केट यार्डात एका अडत्याकडे हिशेब लिहितो. मिरची-कापसाचे दिवस असले की त्याचा येण्याचा भरवसा नाही. त्यामुळे नात तीन महिन्यांची असल्यापासून माझ्या बायकोच्या हातात वाढली. मी जन्मभर दाजीबानपेठेत कापडाच्या घाऊक दुकानात काउंटरवर उभा राहिलो. घरात मी पाहुण्यासारखा. ताट पुढं यायचं, धुतलेला शर्ट खुंटीवर असायचा. पोर कुठं खाते, कशी झोपते, कशानं रडायची थांबते, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक करून घ्यायची गरजच पडली नाही.

बायको एका रविवारी छातीत दुखतंय म्हणाली. दवाखान्यात नेली. चौथ्या दिवशी परत आणली ती चादरीत झाकून.

नात तेव्हा अडीच वर्षांची. आजी तिच्याशी लपाछपी खेळायची, त्यामुळे आजी दिसत नाही म्हणजे लपली आहे, एवढंच तिला कळायचं. पडद्यामागं बघायची, दाराच्या मागं बघायची, गाद्यांच्या ढिगात हात घालून बघायची. 'अज्जा, अज्जीला सांग, मी हरले,' म्हणायची. मी उठून बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचो. जेवण तिनं सोडलंच होतं. सून ताट घेऊन मागं मागं फिरायची आणि शेवटी स्वतःच रडायची.

तेराव्याला सगळे जमले. माझ्या बायकोचा मावसभाऊ आला, त्याची सूनही आली. बायकोच्या माहेरचं तेवढं एकच घर गावात उरलं होतं. ही सून आपल्या घरात खालच्या मजल्यावर पाळणाघर चालवते. आता सगळे डे-केअर म्हणतात. दहा-बारा मुलं असतात, मदतीला एक बाई. मुलं तिला अक्का म्हणतात. तिनं आमच्या पोरीला मांडीवर घेतलं, वरणभात कालवला आणि काय बोलली कोण जाणे, पोरीनं अर्धी वाटी खाल्ली. घरातल्या सगळ्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

"माझ्याकडं सोडा हिला," ती म्हणाली. "मी काय परकी आहे?"

मी म्हटलं, "मी आहे की घरात. मी सांभाळतो."

मुलगा म्हणाला, "अप्पा, तुम्हाला स्वतःचा चहा करता येत नाही."

खोटं नव्हतं ते. तिथंच जेवणाच्या पानांवर ठरून गेलं.

पुढच्या सोमवारी आम्ही पोरीला सोडायला गेलो. अक्कानं चार पानांचा कागद पुढं केला, छापील, इंग्रजीत. मुलानं पानं चाळल्यासारखी केली. ती हसली. म्हणाली, "हे नुसतं असतं हो, बाहेरच्यांसाठी. तुमच्यासाठी काय." बाहेरच्यांसाठी आहे तर आमची सही कशाला, हे कुणी विचारलं नाही. मुलानं स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून चारी पानांवर सह्या केल्या. सून मास्तरीण, ओळ अन् ओळ तपासायची सवय असलेली बाई, तीसुद्धा पिशवीतला चष्मा काढायची लाजली.

आमच्या लोकांची रीतच ती. पेठेत ओळखीच्या पेढीची गाठ, म्हणजे शिवून बांधलेला कापडाचा गठ्ठा, आली की आम्ही तिची शिवण उसवून बघत नव्हतो. परक्या व्यापाऱ्याची गाठ असेल तर ठाण अन् ठाण उलगडायचं, उजेडाला धरायचं, डाग बघायचे, भोकं बघायची. आपल्या माणसाची गाठ आली की नाही. समोर उभं राहून उसवायला घेतली तर तो पाणीही न पिता उठून जाणार. तशीच गाडीवर चढवायची आणि पुढं पाठवायची. कापड तसं पाठवलेलं चालतं. खराब निघालं तर पुढचा बोंबलतो, बदलून देता येतं. आम्ही पोरगीही तशीच दिली.

सकाळी मुलगा तिला सोडून यार्डात जायचा, दुपारी आणायचं काम माझं. पाळणाघराचा नियम होता की आई-बापांनी वेळेवरच यायचं आणि फाटकाबाहेर थांबायचं. आधी आत गेलं तर बाकीची पोरं रडतात म्हणे. मी ठरलेल्या रिक्षानं जायचो आणि फाटकाजवळच्या दगडावर बसायचो. पोर बाहेर यायची ती हसत. अक्कानं वेणी घातलेली असायची, हातात कागदाचा मासा नाहीतर फूल. रात्री झोपही लागायला लागली होती. मला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं. आजीला पडद्यामागं शोधायचं तिनं बंद केलं होतं.

आता पाण्याचं सांगायला पाहिजे. आमच्या भागात अजून नळाला रोज पाणी येत नाही. आठवड्यानं येतं, कधी त्याहून जास्त दिवस जातात. म्हणून दारापुढं जमिनीत टाकी बांधलेली असते. धुवायला माणूस आत उतरेल एवढं तिचं तोंड, वर लोखंडी झाकण. पाणी आलं की घरात लगीनघाई. झाकण काढायचं, पंपाचा पाइप सोडायचा, गढूळ येतंय का स्वच्छ ते बघायचं, वरची टाकी वाहून जाईल म्हणून कुणीतरी गच्चीवर पळायचं. पाणी असेपर्यंत झाकण बाजूलाच. त्या वेळी कुणाला कुणाकडं बघायला सवड नसते. प्रत्येक भागाचा पाण्याचा दिवस वेगळा, त्यामुळे आमच्याकडं पाणी तेव्हा पाळणाघराकडं कोरडं, आणि तिकडं पाणी तेव्हा आमच्याकडं कोरडं.

त्या दिवशी मी घरातून लवकर निघालो. मुलगा सकाळी जाताना म्हणाला होता, आईच्या साड्या बघून ठेवा अप्पा, कुणाकुणाला देऊन टाकू. मी कपाट उघडलं. एक इरकल होती, आमच्याच दुकानातून मी आणलेली, काठ माझ्या आवडीचा, तिला तो कधीच आवडला नव्हता. तरी नेसायची. त्या साडीला हात लावला आणि पुढं काही जमेना. कपाट लावलं, चपला घातल्या आणि बाहेर पडलो. रिक्षावाला म्हणाला, "अज्जा, आज फार लवकर?" मी म्हटलं, चल. वाटेत तो आपणच बोलला की तिकडं आज पाणी आलंय, बायका रस्त्यातच भांडी मांडून बसल्यात.

फाटक उघडं होतं. शेजाऱ्यांना पाणी द्यायला त्यातून पाइप बाहेर नेला होता, म्हणून लागत नव्हतं. आत टीव्हीवर गाणी लागली होती, पंपाचा घरघर आवाज चालू होता. अंगणात मोठं माणूस एकही नाही.

टाकीचं झाकण भिंतीला टेकून उभं होतं. तोंडावर एक खुर्ची ठेवलेली, मोठ्यांची, लाल प्लास्टिकची, चार पाय चार कडांना. कुणी चुकून पाय घालू नये म्हणून तशी ठेवतात. मोठा माणूस खुर्ची बघून बाजूनं जातो. पण अडीच वर्षांच्या पोराला ती खुर्ची दिसत नाही. त्याला चार खांबांचं घर दिसतं.

माझी नात त्या घरात होती. पोटावर झोपलेली, डोकं आणि खांदे टाकीच्या कडेच्या पुढं, हात खाली सोडलेले. मुठीतले चुरमुरे एकेक करून पाण्यात टाकत होती. तिच्याहून थोडी मोठी, रिबनी बांधलेली एक कानडी पोर खुर्चीचा पाय धरून वाकून बघत होती आणि खिदळत होती.

मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर पोर माझा आवाज ओळखून झटकन वळली असती, डोकं खुर्चीला आपटलं असतं, आणि पुढचं मला लिहवत नाही. गुडघे दुखतात म्हणून मी एरवी भिंत धरून चालतो. त्या दिवशी कसा गेलो मला आठवत नाही. पाठीमागून तिच्या फ्रॉकला धरलं, कंबरेला चुण्या असतात तिथं. तयार कपड्याची शिवण कशी असते ते मला माहीत आहे, चुण्यांवर एकेरी टाका मारून सोडलेला असतो, जरा ओढ बसली की उसवत जातो. खरं सांगतो, त्या वेळी डोक्यात देव आला नाही, बायको आली नाही. हा टाका धरेल का, एवढंच आलं. दुसऱ्या हातानं तिचा पाय धरला आणि मागं ओढली. पाणी कडेपासून हातभर खाली होतं. काळं. त्यावर चुरमुरे तरंगत होते.

चुरमुरे सांडले म्हणून ती मोठ्यानं रडायला लागली. त्या आवाजानं अक्का बाहेर आली, हातात कुठल्या तरी पोराचं लंगोट.

"काका, आज लवकर आलात?"

मी दुसऱ्या पोरीचं मनगट धरून उभा होतो. टाकीकडं मान हलवली.

"अय्यो, ती बाई गच्चीवर गेलीय, वरची टाकी भरली का बघायला. आत्ताच गेली. खुर्ची ठेवलीय की वर."

"खुर्ची कुणासाठी ठेवलीस? तुझ्या सासऱ्यासाठी? या पोरी खालून शिरतात."

"एवढ्या जवळ जात नाहीत त्या कधी."

"आता गेली होती. अर्धी आत होती."

तिचा चेहरा उतरला. पण लगेच तिनं तो सावरला. "काका, पाणी आलं की सगळ्यांच्याच घरी झाकण उघडं असतं. तुमच्या घरी काय कुलूप लावता?"

आमच्या टाकीवर घमेलं ठेवतात. आणि तेव्हाच मला आठवलं की पाणी आलं की बायको मधल्या दाराला वरून कडी घालायची. मला वाटायचं, ओल्या पायांनी कुणी आत येऊ नये म्हणून. दोन वर्षं मी ती कडी काढताना वैतागलो. कशासाठी घालते, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

दुसरीचा हात अक्काच्या हातात दिला, आमच्या पोरीला उचलून रिक्षात बसलो. घरी येईपर्यंत फ्रॉक सोडला नाही.

संध्याकाळी दोघं आली. मी सगळं सांगितलं. मुलगा चहाचा कप हातात घेऊन ऐकत होता.

"पडली तर नाही ना?" तो म्हणाला.

"नाही."

"मग?"

"मग काय? पडल्यावर सांगायला यायला पाहिजे होतं मी?"

"तसं नव्हे की अप्पा. पाणी आल्यावर होतं असं. मी वहिनीला फोन करून सांगतो, लक्ष ठेव म्हणून. आपलीच माणसं आहेत."

सून उठली. आत जाऊन कपाटातून ते चार कागद आणले, चष्मा लावला आणि दिव्याखाली बसून वाचायला लागली. पहिल्यांदाच. मध्येच तिचं बोट थांबलं. मला कळावं म्हणून ती मराठीत सांगायला लागली. सहा महिने पोरीला तिथंच ठेवायला आम्ही बांधलेले. आधी काढायची असेल तर महिनाभर आधी लेखी कळवायचं, कारण लिहायचं, आणि उरलेल्या महिन्यांचं देणं चुकायचं नाही. हे सगळं ती सरळ वाचत गेली. मग एक कलम तिनं दोनदा वाचलं.

"मामा, इथं लिहिलंय की घर आहे, घरात लहानसहान अपघात होतात, ते आई-बापांना मान्य आहे. त्याला संस्था जबाबदार नाही." तिनं नवऱ्याकडं बघितलं. "मान्य आहे म्हणून आपण सही केलीय."

"ते सगळ्यांच्याच कागदात असतं," मुलगा म्हणाला, पण हळू.

"उद्यापासून ती जाणार नाही."

"आणि तू? रजा आहे?"

"संपली. सासूबाईंच्या वेळी संपली."

मग दोघांनी माझ्याकडं बघितलं.

"अप्पा दुपारी झोपतात," मुलगा मी तिथं नसल्यासारखं तिला म्हणाला.

"नाही झोपणार," मी म्हटलं.

"त्या दिवशी दूध उतू जाऊन गॅस विझला होता. वास येईपर्यंत तुम्हाला पत्ता नव्हता."

"गॅस बंद करून जा. मी चहा पिणार नाही. डबा करून ठेवा, गार खाऊ आम्ही दोघं."

सुनेला हसू आलं, मग तिनं पदरानं तोंड पुसलं. दुसऱ्या दिवशी पोर घरी राहिली.

दोन दिवसांनी मावसभाऊ आणि त्याची सून आमच्या घरी आले. येताना केळी आणली, पोरीला बिस्किटांचा पुडा. सुट्टीचा दिवस, सगळे घरात. मावसभाऊ सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेला, बोलणं मऊ. आधी भिंतीवरच्या फोटोकडं बघून हात जोडले, मग बसला.

"दाजी, झालं ते झालं. होगली बिड्री, जाऊ द्या. पोरगी सुखरूप आहे ना, देवाची कृपा."

"फ्रॉकची कृपा," मी म्हटलं.

तो ऐकून न ऐकल्यासारखा हसला. खिशातून एक कागद काढून मुलापुढं ठेवला. त्याच्या सुनेनं टाइप करून आणला होता. सहा महिन्यांचं वगैरे काही नको, म्हणाला, आपल्यात कसला करार. आजपासून तुम्ही मोकळे. फक्त एवढ्यावर सही करा. आमच्या सूनबाईंनी वाचलं. घरगुती कारणामुळे मुलीला काढत आहोत, पाळणाघराबद्दल आमची कसलीही तक्रार नाही.

"हे कशाला?" मी विचारलं.

आता त्याची सून बोलली. तिचा आवाज त्या दिवशीसारखा नव्हता. "काका, मागं सरकारी ऑफिसातून माणूस तपासायला येऊन गेला, सगळे कागद बघतात. एका घरची तक्रार निघाली की बाकीची माणसं पोरं काढून घेतात. आमच्या ह्यांची नोकरी सुटल्यापासून घर त्याच्यावरच आहे. तुम्हाला माहीत नाही का?"

माहीत होतं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. माझ्या पोरीला तिनंच पहिला घास भरवला होता, हेही मला माहीत होतं. मी तिला एकच विचारलं.

"झाकणाचं काय केलंस?"

"लोहाराला सांगितलंय. जाळीचं बसवायचं."

"कधी येणार तो?"

"येईल की. त्यालाही कामं असतात."

बसवलं म्हणाली असती तर मी मुलाला म्हटलं असतं, कर सही. खोटं नाही बोलत. तक्रारीची मला हौस नव्हती. पण पाणी परत येणार होतं, लोहार आला नव्हता, आणि ती रिबनवाली पोर रोज तिथं जात होती.

"आम्ही तक्रार नाही असं लिहून दिलं," मी म्हटलं, "आणि उद्या दुसऱ्या कुणाचं पोर गेलं, तर तो कागद तू पुढं करणार. बघा, यांनीसुद्धा लिहून दिलंय म्हणून."

"दाजी, तोंड सांभाळून," मावसभाऊ म्हणाला. "कुणाच्या पोराबद्दल असं बोलू नये. मी तुमच्या बायकोला खांदा दिलाय."

"दिलास. विसरलो नाही."

"ती असती तर तिनं भावाचं घर असं उघड्यावर आणलं नसतं."

मी फोटोकडं बघितलं नाही. खरं म्हणजे ती असती तर काय केलं असतं ते मला सांगता येत नाही. ती माणसं तोडणारी नव्हती. कदाचित तिनं सही करायला लावली असती आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन लोहाराला धरून आणलं असतं. मेलेल्या माणसाला आपल्या बाजूनं बोलायला लावणं मला जमत नाही. त्यानं ते केलं, त्याला जमलं.

मुलानं पेन काढलं होतं. भांडणाची त्याला लहानपणापासून भीती. तो कागदावर वाकला, एवढ्यात आमची पोर आतून झोपेतून उठून आली. अक्काला बघून तिचा चेहरा खुलला. धावत जाऊन तिच्या मांडीवर चढली, गळ्यात हात टाकले.

"अक्का, खुर्चीचं घर खेळू या?"

मुलानं मान वर केली.

"कुठलं घर गं?"

"पाणी येतं ना, तेव्हाचं." ती बापाला समजावून सांगायला लागली. "खुर्चीच्या खाली. आम्ही सगळे जातो. मग पाण्याला खाऊ द्यायचा."

अक्कानं तिला घट्ट धरलं होतं. खाली बघून तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. जवळ जात नाहीत कधी, असं तिनं मला सांगितलं होतं, ते तिला आठवलं असणार. मलाही आठवलं.

मुलानं टाइप केलेला कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हातानं लिहिलं. पाण्याच्या दिवशी टाकीचं तोंड उघडं असतं, मुलं तिथं खेळतात, म्हणून मुलीला काढत आहोत. करारात असेल ते देणं देऊ. खाली सही केली. सूनबाईंनीही केली. मग तिनं पोरीला अक्काच्या मांडीवरून उचललं. पोर हात पसरून रडायला लागली. तिला काय कळणार.

मावसभाऊ उठला. सूनबाईंनी चहा ठेवला होता, तो तसाच राहिला. दारात चपला घालताना म्हणाला, "वर्षश्राद्धाला आमची वाट बघू नका." माझ्या बायकोच्या माहेरचं गावात तेवढंच एक माणूस होतं. ते मी घालवलं. त्याबद्दल रोज वाईट वाटतं आणि त्याच वेळी परत तसंच करेन असंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

करारातलं देणं आम्ही दिलं. त्यावर कुणी एक शब्द काढू नये.

नंतरच्या रविवारी मला राहवेना, सोमवारी सून घरी लवकर आली तशी मी रिक्षा करून पाळणाघराच्या फाटकाशी गेलो. मुलांना न्यायला येणाऱ्या एकेकाला थांबवून सांगितलं, पाण्याच्या दिवशी आत जाऊन बघा, टाकीवर झाकण नसतं. कुणी ऐकलं, कुणी घड्याळ बघितलं. एक पँट-शर्टातला माणूस म्हणाला, "आम्ही बोलू त्यांच्याशी," आणि गाडीची काच वर केली. रिबनवाल्या पोरीची आई नर्स आहे, तशाच कपड्यांत आली होती. तिनं कानडीत सगळं नीट विचारून घेतलं. मुलगी किती जवळ होती, पाणी किती खाली होतं. मग म्हणाली, "खरं आहे अज्जा. पण मग हिला ठेवू कुठं?" मला वाटलं होतं, सांगितलं की काम झालं. तिनं विचारल्यावर कळलं की सांगणं सोपं होतं.

घरात आता आम्ही दोघंच असतो. दुपारी डोळे मिटायला लागले की मी उठून तोंडावर पाणी मारतो. तिची वेणी मला येत नाही, म्हणून सुटे केस घेऊन फिरते. अक्काकडं जायचं म्हणून हट्ट करते, कधी दारात बसून राहते. जेवण परत कमी झालंय. सून घरी आली की आधी तिला डोक्यापासून पायापर्यंत बघते, मग माझ्याकडं बघते. ती मला हिशेब विचारत नाही, पण मी दिलेला असतो.

मागच्या आठवड्यात ती नर्स आमच्या घरी आली. पत्ता रिक्षावाल्यानं दिला. बरोबर पोर होती. दोघी पोरींनी एकमेकींना बघितलं आणि एक शब्द न बोलता कॉटखाली शिरल्या. तिथून हसू यायला लागलं. कित्येक दिवसांत मी माझ्या नातीचं तसं हसणं ऐकलं नव्हतं.

"अज्जा, तुम्ही घरातच असता," ती म्हणाली. "हिलाही ठेवून घ्या. त्रास नाही देणार. काय असेल ते मी देते."

"देण्याचं नाही."

"मग?"

मी तिला सांगितलं. मी सत्तरीच्या पुढचा आहे. एकीच्या मागं मी कसाबसा पुरतो, त्यातही ती बाथरूमकडं वळली की मी हातातलं टाकून पळतो. दोघी दोन दिशांना गेल्या तर मी एकीकडंच जाणार. आणि कुणीकडं जाणार ते तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

"आगली, अज्जा, असू दे," म्हणाली आणि वाकून पोरीला कॉटखालून ओढून काढलं. पोर यायला तयार नव्हती. माझ्या नातीनं तिच्या फ्रॉकची कड धरून ठेवली होती, ती मी सोडवली.

तिकडं जाळीचं झाकण बसलं की नाही मला माहीत नाही. मला आता त्या फाटकाशी कुणी उभं करत नाही. रिक्षावाल्याला सांगून ठेवलंय, तिकडं पाणी आलं की मला सांग. परवा त्यानं फोन करून सांगितलं. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. आमच्याकडं पाणी नव्हतं, तरी संध्याकाळपर्यंत पोरीला मांडीवरून खाली उतरू दिलं नाही. ती रडली, चावली. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.